नावापुरतं

या, असे जवळ सरकून बसा. जन्मभर भट्टीशेजारी उभा राहिल्यानं मला ओरडून बोलायची सवय आहे, पण आजची गोष्ट हळूच सांगायची आहे. देवाला स्मरून सांगतो, यात खोटं काही असणार नाही. खोटं दोनदा सांगून झालंय.

आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात वजनकाट्यावर एक चाचा होते. पीठ असो की साखर, त्यांच्या काट्यावरून गेल्याशिवाय कणीक मळायच्या यंत्रात पडायची नाही. मूठभर जास्त झालं तरी परत काढायला लावायचे. मी भट्टीपाशी गुणगुणत असे, म्हणून ते मला ‘बुवा’ म्हणत. बावीस वर्षं आम्ही समोरासमोर उभे होतो. सुटताना मोडकी बिस्किटं कामगारांना वाटत. चाचा आपली पुडी पोरींसाठी छातीशी धरून नेत.

मग मालकांच्या जावयानं परदेशातली मोठी मागणी आणली. हलालचा शिक्का नसेल, तर माल तिथल्या बंदरातूनच परत. शिक्का देणाऱ्या संस्थेची अट होती, की कारखान्यात एक मुसलमान पर्यवेक्षक हवा आणि प्रत्येक कागदावर त्याची सही हवी. आमच्याकडे असा माणूस एकच.

बावीस वर्षांत पहिल्यांदा चाचांना ऑफिसात खुर्ची मिळाली. वर पांढरा कोट.

“सही तेवढी करायची, चाचा,” जावईसाहेब म्हणाले. “नावापुरतं.”

“साहेब, माझ्याकडे नावच तर आहे,” चाचा हसले.

“काय डॉक्टर, आमची नाडी बघता का?” मी त्या कोटाची टर उडवली.

“आधी नखं काप, बुवा. मग बघू.”

नियमांची पुस्तिका त्यांनी घरी नेऊन धाकट्या लेकीकडून वाचून घेतली. दुसऱ्या दिवसापासून एकेक डबा फिरवून त्यावरचं बारीक छापलेलं वाचायला लागले. व्हॅनिलाच्या अर्कात दारू निघाली. जावईसाहेबांनी कपाळाला आठ्या घालून दुसरा अर्क मागवला. मग चाचा ब्रशापाशी आले.

ट्रेंना तेल लावायचे ते ब्रश. लाकडी मूठ, पांढरे राठ केस. चाचांनी एक केस उपटून माझ्या भट्टीच्या तोंडाशी धरला. नायलॉन असतं तर वितळून गोळी झाली असती. हा चुरचुरला आणि केस जळाल्याचा वास आला. त्यांनी तिथूनच ब्रशवाल्या दुकानदाराला फोन लावला.

“डुकराचे केस हो, अस्सल!” तो पलीकडून ऐटीत म्हणाला. “उगाच का इतकी वर्षं आमच्याकडूनच नेता?”

चाचा पिठाच्या पोत्यावर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी भांडं घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

“बुवा, माझ्या पोरी त्याच बिस्किटांवर वाढल्या.”

तडक ऑफिसात गेले. मीही मागोमाग गेलो.

“ब्रश बदला, ट्रे नियमाप्रमाणे धुवा,” चाचा म्हणाले. “आणि बांधून ठेवलेले खोके पाठवू नका.”

“ब्रश उद्या बदलतो, ट्रेही धुऊ. पण खोके? अहो, जहाज लागलंय! कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना.”

“तुम्हाला नावापुरतं नेमलंय हो!”

“मग नाव मिळणार नाही.”

तपासणीच्या दिवशी पहारेकऱ्यानं चाचांना फाटकावरूनच परत पाठवलं. आज तुम्हाला सुट्टी, म्हणाला. आत जावईसाहेबांनी तपासनिसाला सांगितलं, पर्यवेक्षक आजारी आहेत, सही करून गेलेत. तपासनीस भला वाटला. ट्रेच्या कडांवरून बोट फिरवत फिरवत माझ्यापाशी आला आणि निळा, कोरा नायलॉनचा ब्रश उचलून म्हणाला, “आधीपासून हेच वापरता?”

जावईसाहेब त्याच्या खांद्यामागे उभे होते. सत्यापायी राज्य सोडणाऱ्या राजाची कथा कुणी गाऊन सांगितली, की माझ्या डोळ्यांना धार लागते. मला काही राज्य सोडावं लागणार नव्हतं. भट्टी तेवढी.

“हो,” मी म्हणालो. “हेच.”

शिक्का मिळाला. खोके गेले. प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लागलं, खाली चाचांचं पूर्ण नाव. चाचांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि माझ्याकडे आले.

“ब्रशचं विचारलं त्यानं?”

“विचारलं.”

“कुणाला?”

“मला.”

त्यांनी काटा शून्यावर आणला, पांढऱ्या कोटाची घडी करून त्यावर ठेवली आणि निघून गेले. काट्यानं कोटाचं वजन दाखवलं. ते उचलायला कुणी पुढे झालं नाही.

घरून त्यांनी संस्थेला पत्र पाठवलं. आपल्या सहीचं रडगाणं गायलं नाही; फक्त ब्रश आणि खोके. आता संस्थेची रीत ऐका. तक्रार आली, की तक्रारदाराला त्रास नको म्हणून त्याचं नाव झाकायचं आणि पत्र त्या कारखान्याच्या पर्यवेक्षकाकडे चौकशीला पाठवायचं. तेव्हा चाचांचं पत्र चाचांच्याच नावानं आमच्या ऑफिसात आलं. जावईसाहेब इतके हसले, की कपातला चहा बशीत सांडला. लगेच उत्तर टाईप झालं: चौकशी केली, तक्रारीत तथ्य नाही. खाली चाचांची सही ठोकली. शेजारी साक्षीदार लागतो म्हणून मला बोलावलं.

मी केली सही.

महिन्याभरानं राहवेना, म्हणून त्यांच्या घरी गेलो. धाकटीनं दार उघडलं, “बसा, काका” म्हणाली. चाचांनी उशाखालून कागद काढला. संस्थेनं तक्रारदाराच्या माहितीसाठी त्या उत्तराची प्रत पाठवली होती.

“बघ बुवा, मीच मला खोटा ठरवलं,” ते म्हणाले. मग कागदावर बोट ठेवलं. “दोन सह्या आहेत. त्यातली एक तरी खरी आहे.”

त्यांनी मला चहा पाजला.

चाचा गेल्या वर्षी गेले. प्रमाणपत्र आहे तिथेच आहे. दर वर्षी त्यांच्या सहीनं नवं होतं.

तर बाबांनो, बिस्किटाचा पुडा फोडताना कोपऱ्यात तो गोल शिक्का दिसला, तर घास तोंडात घालण्याआधी काट्यापाशी उभ्या असलेल्या त्या माणसाची आठवण काढा. नाव घेतलं नाहीत तरी चालेल. ते आधीच फार वापरून झालंय.