माग थांबले तेव्हा

“डोळं गेलं म्हणं की तुमचं,” रामहरी मालक सुपारी कातरता कातरता म्हणाले. “चन्नवीर सांगत हुता. धागं दिसंनात, चादरी बिघडाय लागल्या, म्हणून काढलं म्हणं.”

शिवप्पा दारातच उभा राहिला. सहा आठवड्यांत हेच त्याने चार कारखान्यांच्या दारांत ऐकलं होतं. चन्नवीर मालकाने त्याला काढलं नव्हतं. तोच सोडून आला होता. पण खोटंसुद्धा रोज ऐकलं की अंगात मुरतं. अलीकडे शिवप्पा सकाळी उठल्या उठल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे लांबून वाचून बघत असे. परवा तर त्याने रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून एक चष्माही घेतला होता.

“एकदा बसवून बघा,” तो म्हणाला. “न्हाय जमलं तर आलो तसा जातो.”

मालकांनी कोपऱ्यातल्या मागाकडे बोट दाखवलं. त्यावरचे उभे धागे संपत आले होते. अशा वेळी नव्या गुंडाळीतला एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला पीळ देऊन सांधावा लागतो. हजारांवर धागे असतात, आणि एक जरी चुकला तरी चादरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उमटते. शिवप्पा बावीस वर्षं हेच करत आला होता.

त्याने बसून चष्मा चढवला. समोर धाग्यांचं नुसतं धुकं झालं होतं. चन्नवीर खरं बोलत होता की काय? त्याने चष्मा खिशात टाकला, पीळ घसरू नये म्हणून बोटांना राखेची चिमूट लावली आणि एक धागा उचलला. मग दुसरा.

शे-सव्वाशे धागे झाले असतील नसतील, तोच वीज गेली. त्या दुष्काळी साली ती वाटेल तेव्हा जाई. सगळे माग एकदम गप्प झाले. बिनखिडक्यांच्या शेडमध्ये अंधार पसरला, माणसं चहाला उठून गेली.

थोड्या वेळाने मालक कंदील घेऊन आले. त्यांनी सांधलेल्या धाग्यांवरून हात फिरवला, दोन-चार ओढून पाहिले, पुन्हा पाहिले.

“अंधारात केलंय व्हय हे?”

शिवप्पाने मान वर केली. “लाइट गेली व्हय?”

मालकांना हसू आलं. मग ते जवळच्या पेटीवर बसले. “मग चन्नवीर असं का सांगत फिरतोय?”

“खरं सांगाया लाज वाटत आसंल.” शिवप्पाचे हात थांबले नाहीत. “आमचा निंगप्पा वारला की. एकोणीस वर्सं त्येंच्या मागावर हुता. कामगाराची मयत गल्लीतनं जाताना आपल्यात माग बंद ठेवत्यात. मालक म्हणालं, आर्डर घाईची हाय, चालू द्या. मी उठलो, खांदा द्याया गेलो. त्या दारात परत पाऊल न्हाय टाकलं.”

“ह्याच बोळातनं गेली मयत.”

“व्हय. खांद्यावर तिरडी आसली तरी कानाला कळतं, कोण वाजतोय आन् कोण गप हाय. तुमचं माग बंद हुतं.”

“मग हितं आदी यायचं सोडून समद्या गावाला फिरून आलासा?”

“तितं न्हाय म्हटलं ते सोसलं,” शिवप्पा म्हणाला. “हितं म्हटलं आसतं तर लई लागलं आसतं.”

कंदिलाची वात मालकांनी जरा वर केली आणि तो मागाच्या कडेला टेकवून ठेवला. उठता उठता म्हणाले, “उद्यापास्नं आठला यायचं.”

संध्याकाळी शिवप्पा घरी आला तेव्हा त्याची बायको चंद्रव्वा उंबऱ्याशी ज्वारी निवडत होती. त्याने खिशातला चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. तिने सुपात पाहिलं.

“आगं बया. इतकं खडं आसत्यात व्हय ह्यात?”

“इतकी वर्सं गिळलं की आपण.”

ती हसली. मग त्याच चष्म्यातून तिची नजर त्याच्या बोटांवर गेली. नखांत सहा आठवड्यांनी पुन्हा राख भरली होती.

“हात न्हाय धुतलं?” तिने हळू विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” शिवप्पा म्हणाला, आणि भिंतीला पाठ टेकून पाय लांब पसरून बसला.