चार वेळा चाळीस

मीटरकाकांनी चौतीस वर्षं पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचले. त्या काळात त्यांच्याशी जेवढी माणसं बोलली, त्याहून जास्त कुत्री भुंकली. आता निवृत्तीनंतर खुद्द त्यांनाच मीटर बसवला होता.

हृदयाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस होता. अतिदक्षता विभागातल्या सात नंबरच्या खाटेवर काका पडून होते. छातीवर टाके, बोटाला चिमटा, आणि लघवीच्या नळीच्या टोकाला खाटेच्या कडेला टांगलेली एक पारदर्शक डबी. डबीवर बारीक रेघा होत्या. दर तासाला सिस्टरनी वाकायचं, आकडा बघायचा, तक्त्यावर लिहायचा आणि डबी तिरकी करून आतलं सगळं मागच्या मोठ्या पिशवीत ओतायचं, असा रिवाज. या डबीला युरोमीटर म्हणतात हे कळलं, तेव्हा काकांना परमुलखात गाववाला भेटल्यासारखं झालं.

गाववाला दिसत मात्र नव्हता. काकांचा चष्मा आणि कवळी ऑपरेशनच्या आधीच काढून काकूंच्या हवाली केली होती. तेव्हा काकांचा सगळा कारभार कानांवर चालला होता.

सकाळी धाकट्या डॉक्टरीणबाई येऊन सांगून गेल्या होत्या, "काका, अशा ऑपरेशननंतर कधीकधी मूत्रपिंडं रुसतात. रुसली की आधी लघवी कमी होते, रक्तात मागाहून कळतं. वेळेत कळलं तर समजूत घालता येते."

"आणि नाही कळलं तर?"

"तर डायलिसिस लागू शकतं. पण आपण दर तासाला बघतोय ना."

डायलिसिस काकांना ओळखीचं होतं. थोरल्या भावाची शेवटची चार वर्षं आठवड्यातून तीनदा त्या यंत्राशेजारच्या खुर्चीत गेली होती. तेव्हापासून काकांना मरणापेक्षा त्या खुर्चीचं भय जास्त. त्यामुळे ते दर तासाला कान टवकारून आकडा ऐकत होते. बारा वाजता अठ्ठेचाळीस मिलिलिटर झाली. मग सफाईच्या मावशी आल्या, "जरा पाय सांभाळा हो," म्हणत मोठी पिशवी रिकामी करून गेल्या.

त्यानंतर शेजारच्या खाटेवर धावपळ उडाली. तिथल्या गृहस्थांच्या हृदयाचे ठोके घोड्यावर बसले होते आणि उतरायला तयार नव्हते. एक वाजता सिस्टरनी तिकडूनच सांगितलं, "सात नंबर, चाळीस." दोन वाजता, "सात नंबर, चाळीस." तीन वाजता चाळीस. चारला पुन्हा चाळीस.

काकांना ते खटकलं. पाणी कधी असं वागत नाही. नळाचं असो, माणसाचं असो, ते एका तासाला सदतीस येईल, दुसऱ्याला त्रेपन्न येईल. चार वेळा चाळीस फक्त माणूस आणू शकतो, तेही बसल्या जागी. काकांना हे माहीत असायचं कारण एवढंच, की त्यांनी स्वतः ते पुष्कळदा आणलं होतं. एका घराला तर लागोपाठ तीन महिने. त्या घरात जमिनीखाली नळ गळत होता. काकांच्या वहीत सगळं आलबेल होतं, आणि एके दिवशी स्वयंपाकघराची फरशी ओट्यासकट खचली.

भेटीची वेळ झाली. काकू आत आल्या त्या पर्स उघडतच. "अहो, कसं वाटतंय?"

"चष्मा दे. कवळी दे. आणि खाली वाक."

"आल्या आल्या नमस्कार करायला लावताय?"

"अगं, खाटेच्या कडेला डबी आहे. रीडिंग घे."

"चौतीस वर्षं गावाची घेतलीत, आता मला घ्यायला लावा," असं म्हणत काकू गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. "सत्तर."

"वरून बघतेयस. डोळा रेघेच्या पातळीत आण."

काकू आणखी खाली गेल्या. खालून आवाज आला, "पासष्ट. आता उठवायला कोण येणार आहे?"

"मागची मोठी पिशवी?"

"कोरडी ठणठणीत."

काकांनी कवळी बसवली. खात्याचा आवाज परत आला. "सिस्टर, इकडे या जरा. तुम्ही मला चहाचं रीडिंग दिलंय."

सिस्टर हात पुसत आल्या. "कसलं रीडिंग?"

"आमच्याकडे ऊन वाढलं की माणूस टपरीवर बसून अख्ख्या गल्लीचे आकडे अंदाजाने लिहायचा. त्याला चहाचं रीडिंग म्हणतात."

"काका, मी सकाळपासून घोटभर पाणी प्यायले नाहीये. चहा कुठला?"

"चहा न पिताही देता येतं. पिशवी बाराला रिकामी केली ती अजून कोरडी आहे. म्हणजे डबी एकदाही ओतली नाही. तुमच्या हिशेबाने एकशे साठ व्हायला हवी. आहे पासष्ट. चार तासांची मिळून."

सिस्टर काहीतरी लागेलसं बोलणार होत्या, पण आधी वाकल्या. आकडा बघायला लागतो त्याहून बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"जाता येता नजर टाकली," त्या उठून म्हणाल्या, "चाळीसच्या आसपास दिसली, लिहून टाकली. ओतायची राहिली." आणि मग, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी हाक, "डॉक्टर! सात नंबर!"

धाकट्या डॉक्टरीणबाई आल्या. भागाकार तोंडीच झाला. "तासाला सोळा. सत्तर किलोच्या माणसाला पस्तीस तरी हवी." नळी कुठे मुडपली नव्हती, तुंबलीही नव्हती. रक्तदाब मात्र दुपारपासून हळूच खाली सरकला होता. त्यांनी फोन लावला. पलीकडून मोठ्या डॉक्टरांचा आवाज काकांनाही ऐकू आला, "सकाळचं रक्तातलं क्रिएटिनिन उत्तम होतं की!"

"सर, ते वरातीमागून येणारं घोडं आहे. वरात आत्ता अडलीय."

पलीकडून आलं, "बरं. लघवीची तपासणी करा."

मूत्रपिंडावर ताण आला की लघवीत एक पदार्थ रक्ताआधी दिसू लागतो, त्याची तपासणी झाली. तो पदार्थ हजर होता. मूत्रपिंडांना न मानवणारं वेदनाशामक बंद झालं, सलाइन बेताबेताने वाढलं, रक्तदाब वर आणायचं औषध सुरू झालं. काकूंना वेळ संपली म्हणून बाहेर काढलं, तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "अहो, रुसवा काढा त्यांचा. माझा काढायला कधी जमलं नाही, निदान त्यांचा तरी."

पाचला अठरा. सहाला सव्वीस. सातला सिस्टर वाकल्या आणि उठताना हसल्या, "एकेचाळीस. शपथेवर."

ड्यूटी संपताना त्यांनी तक्त्यावरच्या चारही चाळिसांवर सरळ रेघ मारली, खरी गोष्ट शेजारी लिहिली, सही केली. चुकांचं रजिस्टर होतं, त्यातही स्वतःच्या हाताने नोंद केली.

"माझी तक्रार नाहीये," काका म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही लिहिलं. उद्या दोन खाटा एकीवर पडल्या तर काय होतं, ते वरच्यांना वाचू दे."

काकांनी मग त्यांना त्या गळक्या नळाची आणि ओट्यासकट खचलेल्या फरशीची गोष्ट सांगितली. "त्या फरशीचं मी साहेबांना सांगितलं होतं, उंदरांनी पोखरली म्हणून."

"ओट्यासकट?"

"मोठे होते म्हटलं."

दुसऱ्या दिवशी घोडं आलं. क्रिएटिनिन थोडं वर गेलं होतं. तिसऱ्या दिवशी ते निमूट खाली उतरलं. मोठे डॉक्टर फेरीला आले, रिपोर्ट बघून म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना, उत्तम आहे!" धाकट्या डॉक्टरीणबाईंनी आदराने मान हलवली. नळी उद्या काढू, असं ठरलं.

त्या दुपारी चारला सिस्टर डबीशी वाकून सांगत होत्या, "सात नंबर, साठ," तेवढ्यात काकू आत आल्या. त्यांनी पर्स खाटेवर टाकली, काकांकडे न बघताच गुडघ्यावर हात ठेवून खाली गेल्या आणि डोळा रेघेच्या पातळीत आणला.

"एकसष्ट."

सिस्टर पुन्हा वाकल्या. दोघींची डोकी डबीपाशी एकत्र आली. मग सिस्टरनी खिशातलं पेन काढलं आणि तक्त्यावर साठाचे एकसष्ट केले.

"हं," काकू कंबर धरून उठत म्हणाल्या. "आता सांगा, कसं वाटतंय?"

पण काकांनी चष्मा काढून उशाशी ठेवला होता आणि ते घोरत होते.