फारूकच्या गॅरेजमधला उजेड

फारूकने मस्कतच्या एका गॅरेजमध्ये बावीस वर्षं गाड्या रंगवल्या, आणि त्या बावीस वर्षांत त्याने रंगवलेली एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही. तो रंग मिसळायला बसला की बाकीचे कारागीर कंपनीचा रंगाचा कोड लिहिलेला कागद बाजूला ठेवून द्यायचे. पाच वर्षं उन्हात तापलेला पांढरा आणि पाच वर्षं सावलीत उभा राहिलेला पांढरा, यांतला फरक त्याला जाता-येता कळायचा. म्हणून पनवेलला कायमचं परतल्यावर त्याने घराखालच्या मोकळ्या जागेला तीन बाजूंनी भिंती घातल्या, पुढे शटर बसवलं, कॉम्प्रेसर आणला आणि मोहल्लाभर सांगून टाकलं की गाडीला ओरखडा असेल त्याने बेलाशक यावं.

उजेडासाठी अडगळीत पडलेला एक जुना पिवळट बल्ब त्याने छताच्या मधोमध लटकवला. भिंतींना किती विटा लागतील याचा त्याने आठवडाभर विचार केला होता. बल्बाचा मिनिटभरही केला नाही.

पहिली गाडी आली ती दमयंतीबाईंची. बाईंनी गावातल्या शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवली होती, फारूकही त्यांच्या हाताखालून गेला होता. वयाच्या बहात्तराव्या वर्षीही त्या आपली क्रीम रंगाची जुनी गाडी स्वतः चालवायच्या. त्यांच्याच बंगलीच्या फाटकाने ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा खरवडला होता. फाटक मध्ये आलं, असं बाईंचं म्हणणं होतं.

रस्त्यावरची धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून फारूकने शटर ओढून घेतलं, पंखा लावला आणि बल्बाखाली काम केलं. दरवाजा घासला, ओरखड्यात पुट्टी भरली, रंग मिसळला, फवारला. बल्बाखाली तो दरवाजा आणि शेजारचा पत्रा एकाच आईची लेकरं दिसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने शटर उघडून गाडी बाहेर काढली. बाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"फारूक," त्यांनी शांतपणे विचारलं, "हा दरवाजा कोणाच्या गाडीचा?"

फारूकने वळून पाहिलं. गाडी क्रीम होती आणि दरवाजा स्वच्छ पिस्त्याच्या रंगाचा होता.

आधी त्याने रंगवाल्याला दोष दिला, मग थिनरला, मग पनवेलच्या दमट हवेला. त्याची बायको हव्वाबी जिन्यावर उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली की तुमच्या त्या बल्बाखाली सगळंच पिवळं दिसतं. मी कधी दुकानातल्या दिव्याखाली दुपट्टा मॅच केलाय का? कापड आधी उंबऱ्याबाहेर उन्हात नेते, मग घेते. फारूकने तिला ऐकवलं की दुपट्टा वेगळा आणि गाडी वेगळी. पण बल्बाची गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली. फक्त ती राहिली उलटी. उजेड चुकीचा आहे असं हव्वाबी सांगत होती, त्याने ऐकलं की उजेड कमी आहे.

खरं तर त्याला दुसरीच धास्ती होती. बावन्न वर्षांचं वय, त्यात बावीस वर्षं रंगाच्या वाफेत. आपला डोळाच गेला की काय, हा विचार त्याला जेवू देईना. कोणाला न सांगता तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले. त्याने सगळे बरोबर वाचले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, आणि उगाच आला आहात तर हे थेंब घेऊन जा.

समोरच्या घरात दयाराम राहायचा. मूळचा मोरा बंदराचा कोळी, पण होडी सोडून द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर झालेला. त्याच्यापाशी उजेडाचा विषय काढताच तो म्हणाला, "आमच्या गोदामाला मोठं फ्लडलाइट हायेत, फारूकभाई. खाली सुई पडली तरी दिसते. बल्ब काय लावून बसलाव?" नुसतं बोलून तो थांबला नाही. गोदामाला दिवे पुरवणाऱ्याकडून तसेच दोन फ्लडलाइट आणले आणि स्वतः शिडीवर चढून मागच्या भिंतीवर, शटरच्या दिशेला तोंड करून ठोकून दिले.

बटण दाबलं तेव्हा गॅरेजच्या कोपऱ्यातल्या मुंग्यासुद्धा मोजता आल्या असत्या. फारूक खूश झाला. मात्र काम सुरू केल्यावर त्याच्या लक्षात आलं की दिवे पाठीमागे असल्याने स्वतःचीच काळीकुट्ट सावली दरवाजावर पडते आहे. सावलीतून बाजूला झालं की ओल्या रंगावरून उजेड असा उसळायचा की डोळे मिटावे लागत. अर्धा दरवाजा त्याने स्वतःच्या सावलीत रंगवला आणि अर्धा डोळे किलकिले करून. तरी रंगवला. बाकीची गाडी वर्तमानपत्रांनी गुंडाळलेली होती. संध्याकाळ झाली तसा रंगाचा वास वर घरात भरला. हव्वाबीने ओरडा केला म्हणून त्याने शटर पूर्ण वर ढकललं, दिवे तसेच ठेवले आणि हात धुवायला वर गेला.

त्याच संध्याकाळी मागच्या आळीत एका घरी हळद होती, आणि नेमका तिथला जनरेटर बंद पडल्याने मांडवात काळोख झाला होता. आपट्याहून टेम्पोने आलेले पाहुणे नाक्यावर उतरले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अख्ख्या परिसरात लग्नघर म्हणावं असा लखलखाट एकाच ठिकाणी होता.

फारूक हात पुसत खाली आला तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये वीस-बावीस माणसं बसली होती. पुरुष रंगाच्या डब्यांवर, बायका सतरंजी समजून प्लॅस्टिकच्या निळ्या कागदावर. हव्वाबी त्यांना सरबत वाटत होती. पाहुणे कोणाचे का असेनात, दारात आले ते आपले, असा तिचा हिशेब होता. कागदात गुंडाळलेली गाडी पाहून नवऱ्याची गाडी अजून सजवायची राहिली आहे असं दोघीतिघींनी ठरवलं होतं आणि आपल्या वेण्यांतले गजरे काढून वायपरला बांधायला घेतले होते. गुणाबाई नावाची एक वजनदार म्हातारी उठताना आधारासाठी गाडीच्या दरवाजाला हात टेकून उभी राहिली होती. आता ती आपला तळवा उजेडात धरून निरखत होती.

"ही कसली वो हळद?" तिने फारूकला विचारलं. "चिकट हाय."

तेवढ्यात दयाराम धावत आला, त्याने पाहुण्यांची समजूत काढली आणि त्यांना मागच्या आळीत नेऊन सोडलं. गुणाबाईचा हात हव्वाबीने रॉकेलने पुसून, साबणाने धुऊन दिला. जाताना म्हातारी म्हणाली की हळद नाय तर नाय, सरबत झाक होतं.

सकाळी उन्हात पाहिलं तर दरवाजा या वेळी पिस्ता नव्हता. तो फ्रिजसारखा निळसर पांढरा होता आणि त्यावर पाच बोटं स्पष्ट उमटली होती. दमयंतीबाई आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या की हात मात्र सुरेख आलाय.

आता मात्र हव्वाबी गप्प बसली नाही. तिने कपाटातून दोन गुलाबी दुपट्टे काढले आणि खाली येऊन फ्लडलाइट लावायला सांगितला. त्या उजेडात दोन्ही दुपट्टे अगदी एक दिसले. मग तिने ते बाहेर उन्हात नेले. एक विटकरी गुलाबी निघाला, दुसरा जांभळट.

"उजेड किती आहे ते नका बघू," ती म्हणाली. "तो खरं दाखवतो का, ते बघा."

बाईंनी दुपट्टे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. म्हणाल्या, "फारूक, त्या वर्षी तुझ्याऐवजी हिला शिकवलं असतं तर बरं झालं असतं."

त्या दुपारी तिघं मिळून दिव्यांच्या दुकानात गेली. दुकानदार वॉटचे आकडे सांगू लागला. हव्वाबीने त्याचं काही न ऐकता काउंटरवर दोन दुपट्टे पसरले आणि बाईंनी पिशवीतून आपल्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून शेजारी ठेवलं. रंगाचा नमुना म्हणून फारूकने ते सकाळीच सोडवून दिलं होतं. दुकानदाराला एकेक ट्यूब लावून दाखवावी लागली. एका ट्यूबखाली दुपट्टे एक दिसत, दुसरीखाली झाकण हिरवं पडे. दहा ट्यूब झाल्या. मागे थांबलेल्या गिऱ्हाइकांनी आधी कुरकुर केली, मग तीही मत द्यायला लागली. अकराव्या ट्यूबखाली विटकरी विटकरी दिसला, जांभळट जांभळट दिसला आणि झाकण झाकणासारखं दिसलं. दुकानदाराने खोका फिरवून त्यावरचा एक आकडा दाखवला. पंच्याण्णव. हा आकडा शंभराच्या जितका जवळ, तितके रंग उन्हातल्यासारखे दिसतात, असं त्याने सांगितलं. असा माल तो साड्यांच्या दुकानांसाठी ठेवायचा. गॅरेजवाल्यांपैकी कोणी कधी विचारलं नव्हतं.

ट्यूब कुठे लावायच्या ते बाईंनी ठरवलं. डोक्यावर एकच दिवा असला की माणूस स्वतःच्याच उजेडाआड उभा राहतो, म्हणाल्या. त्यांनी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गाडीच्या दरवाजाच्या उंचीला उभ्या ट्यूब लावून घेतल्या आणि छताला दोन कडांना दोन. भिंतींना चकाकी नसलेला पांढरा रंग द्यायला लावला. खालचा निळा कागद त्यांनी स्वतः गुंडाळून बाहेर टाकला, कारण त्याची निळी झाक पत्र्यावर पडत होती. दयारामने शिडी धरली. फ्लडलाइट काढताना त्याला जरा वाईट वाटलं, पण त्यातला एक त्याने आपल्या अंगणात लावला आणि त्याचं समाधान झालं.

फारूकने शटर ओढलं आणि ट्यूब लावल्या. तो दरवाजासमोर उभा राहिला तर त्याची सावली कुठेच पडली नव्हती. त्याने रंग मिसळायला घेतला. पहिल्या ढवळण्यातच त्याला दिसलं की यात काळ्याचा एक थेंब कमी आहे आणि विटकरी तर घातलेलाच नाही. मस्कतला दिसायचं तसंच दिसलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी त्याचा विश्वास आत्ता बसला.

दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात आली. बाईंनी फेरी मारली, दरवाजावरून बोट फिरवलं, वाकून कडेने पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणाल्या. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे शब्द फार थोड्यांना दिले होते. फारूकला ते ठाऊक होतं. त्याने गाडीची चावी दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली.

यानंतर गॅरेज चालेल असं त्याला वाटलं, आणि ते चाललंही. पण दिव्यांच्या दुकानातली हकिगत गावभर झाली होती. आठवड्याभरात दयारामची भाची रंजिता लग्नाचा शालू आणि चार ब्लाउजपीस घेऊन आली. दुकानात बरोबर वाटलेलं कापड घरी येऊन वेगळं निघतं, ते एकदा इथे बघते म्हणाली. तिच्या पाठोपाठ आणखी दोघी आल्या. मग बांगड्यावाली आली, दात बसवणाऱ्याकडची एक मुलगी कवळीच्या दातांचा रंग पडताळायला आली. दुपारच्या वेळी गॅरेजमध्ये साड्या उलगडल्या जाऊ लागल्या आणि ओल्या रंगाची गाडी असली की फारूकचा जीव टांगणीला लागायचा.

एकदा तो एका टॅक्सीचा बंपर घासत खाली बसला होता. शेजारी उभ्या राहून रंजिता आणि हव्वाबी शालूवर कोणता ब्लाउजपीस जाईल यावर घोळ घालत होत्या. बराच वेळ त्याने दुर्लक्ष केलं. शेवटी न राहवून तो खालूनच म्हणाला, "तो नको, त्यात निळा जास्त आहे. हिरव्या पिशवीतला लावून बघा."

दोघींनी तो लावून पाहिला. मग हव्वाबीने वरून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि ट्यूबच्या शेजारी ठेवली. फारूकने हात पुसले आणि खुर्चीवर बसला. रंजिताने त्याच्यासमोर पुढचं कापड धरलं.