कोरा शिधा

"काकी, सासूबायच्यान आता उठूक होयना. ह्या कोण शिजयतला?" ताट हातात घेत कमल म्हणाली, आणि जुलेखा शेजारणीच्या उंबऱ्यातच अडखळली.

डिचोलीच्या त्या मोहल्ल्यात जुलेखाच्या ताटाचं केवढं कौतुक! ईदची नमाज आटोपली की कोऱ्या शेवया, साखर, खारीक, नारळ असा शिधा वेगळ्या ठेवलेल्या ताटातून शेजारच्या शेवंतीकडे जायचा. शिजवलेलं कधीच नाही. त्यांना आपलं चालत नाही, त्यांचा धर्म आपणच सांभाळायला हवा, असं ती लेकींना सांगे. आणि सांगताना चांगली फुगून जाई.

आत कमलची सासू शेवंती खाटेवर पडली होती. दुखण्यानं अंगाची काडी झालेली. तिनं हातानं जवळ बोलावलं.

"गो जुलेखा, एक विचारू? राग येवचो नाय मा?"

"विचार गो."

"तुमच्या धर्मात भायल्याक ईदचा शिजवलेला देवचा नसता काय?"

"कोणी सांगला तुका?"

"सांगूक कित्या व्हया? इतकी वर्सां तू कोराच दितस. दूध आटल्याचो वास येता, तुझी पोरां खातत. मी समाजलय, आमी भायली. म्हणान कधी मागूक नाय."

"तुका... चलता?"

"माका कित्या चलाचा नाय?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं जुलेखाला. अगं, रश्शात पाणी वाढव पण शेजाऱ्याला पोचव, हे लहानपणापासून तिला शिकवलेलं! आणि तिनं शेजारणीला साधं विचारलंही नव्हतं. स्वतःच ठरवून मोकळी!

ती धावत घरी गेली. हात सवयीनं हिंदू पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या भांड्यांकडेच गेला. शी! स्वतःचीच किळस आली तिला. नवरा रोज ज्यातून खायचा ती वाटी तिनं शीरखुर्म्यानं भरली आणि परतली.

शेवंतीनं चमचाभर तोंडात घेतला. गिळवेना. दूध ओठाच्या कडेनं ओघळलं, ते जुलेखानं पदरानं पुसलं.

"गोड जाला हां," शेवंती म्हणाली आणि तिनं थकून डोळे मिटले.

बाहेर येताच जुलेखाला तिची नणंद भेटली. "पोचवन इलस ताट? तुझ्यासारखी शेजारीण मेळूक नशीब व्हया."

जुलेखानं तशीच भरलेली वाटी पदराआड केली.