दाजींचे पावणेदोन व्होल्ट

आमच्यात दाजीला देवासारखं मानतात, तिथंच सगळा घोटाळा झाला. सयाजी दाजी म्हणजे माझ्या अक्काचा नवरा, पेठ वडगावचा. विहिरीवर मोटर बसवली म्हणजे जगातली सगळी वीज आपल्याला कळली, असा त्यांचा समज.

त्या रविवारी पुण्याच्या स्टुडिओला माझी ॲनिमेशनची फिल्म संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. पोचली तर नोकरी, नाहीतर इथंच राजारामपुरीत लग्नाचे व्हिडिओ कापत बसायचं. कॉम्प्युटर रात्रीपासून फिल्म तयार करत होता. तेवढ्यात अक्का-दाजी आले. दाजी आले की मटण आलंच. आईनं पिशवी देऊन मला पिटाळलं.

परत येतो तर स्क्रीन काळी, खोलीत जळका वास, आणि खुर्चीत दाजी.

"लई हळू चाललंतं. जरा पळवावं म्हटलं."

प्रोसेसर जादा पळवायचा तर मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये त्याचं व्होल्टेज किंचित वाढवतात, हे त्यांनी कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं होतं. 'किंचित' तेवढं ऐकलं नव्हतं.

"ते ऑटोवर होतं, दाजी. मदरबोर्ड स्वतःच ठरवतो."

"त्येच काढलं की आदी. ऑटोनंच मोटरी जळत्यात. लाइट आली की आपोआप चालू, व्होल्टेज असू दे न्हाय तर नसू दे. शेतात कुनालाबी इच्यार."

"मग किती ठेवलं?"

"सव्वा हुतं, पावणेदोन केलं. अरं, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलात दीड असतंय. एवढ्या मोठ्या मशिनीला सव्वा? उपाशी मरंल की."

धन्य. दीडलाच प्रोसेसरचा जीव घशाशी येतो, पावणेदोनला तो गेलाच. असल्या अकलेच्या कांद्यासाठी मी मटणाच्या रांगेत उभा होतो.

तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "दाजींना काय बोलू नगंस. मानाचा माणूस हाय."

नवा प्रोसेसर आणून परत पहिल्यापासून करायचं, तर दोन दिवस हवेत. नोकरी गेली. जेवताना दाजी दुसऱ्यांदा रस्सा मागत म्हणाले, "तुझी मशीनच कच्ची. आमची मोटर बघ की."

अक्का भाकरी वाढता वाढता थांबली.

"कुठली मोटर? दोन्हीबी तुमीच जाळल्यासा की." ती आईकडं वळली. "आता थोरलं भाऊजी ह्यास्नी विहिरीकडं फिरकू देत न्हाईत. म्हणून तर मी दर रविवारी हितं आणती."

आईनं रश्श्याची पळी परत पातेल्यात ठेवली.