आत्याचा पगार

रोज शाळेची घंटा वाजवणारा शिपाई त्यामुळे पदवीधर होत नाही, हे सगळ्यांना कळतं. कॅशियरच्या बाबतीत मात्र लोकांची अक्कल गहाण पडते. दिवसभर नोटांच्या गड्ड्या हाताखालून जातात, म्हणजे पगारही दणदणीत असणार, असं माणसं खुशाल धरून चालतात.

आत्याच्या बाबतीत ही समजूत घरातच होती. तिला बँकेत कॅशियरची नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी आनंदाच्या भरात पाहुण्यांसमोर ‘तीस हजार’ असा आकडा ठोकून दिला. खऱ्याच्या बरोबर दुप्पट. आत्या तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. चारचौघांत वडिलांना खोटं कसं पाडायचं, म्हणून ती गप्प राहिली आणि मग गप्प राहणं तिच्या अंगवळणीच पडलं. वडील गेले, पण तो आकडा मागे राहिला. पुढे थोरला भाऊ दरवर्षी आपल्या मनानेच त्यात भर घालत गेला. बँकेने कधी दिली नाही एवढी पगारवाढ तिला दादाने दिली.

दादाचं रंगाचं दुकान होतं. मध्यंतरी ते डबघाईला आलं तेव्हा भाचीच्या कॉलेजची फी आत्याने भरली. ‘आत्याला काय कमी?’ हे त्या घरातलं ठरलेलं वाक्य होतं. ती दोन खोल्यांत एकटी राहायची आणि संध्याकाळची जेवायला बहुतेक दादाकडेच टपकायची, त्यावरूनही चेष्टा चालायची. आत्याकडे पैसा आहे, पण मेलीला स्वयंपाकाचा कंटाळा! आत्याही हसायची. लग्न नाही, मूलबाळ नाही. या घरात आपल्याला जो मान आहे तो त्या आकड्यामुळेच, असं तिला मनातून वाटायचं. तो हातचा जाऊ द्यायला ती तयार नव्हती.

आणि भाचीने नेमका कॅशियर पसंत केला. तोही आत्याच्याच बँकेतला, दुसऱ्या शाखेतला.

“बाबांनी नाही म्हटलं तरी मी त्याच्याशीच लग्न करीन,” भाची आदल्या दिवशी आत्याला म्हणाली होती, “पण रडत रडत करीन. तसं नको गं व्हायला.”

मुलगा आला. शर्ट इस्त्रीचा, कॉलर मात्र धुऊन धुऊन विरलेली. चहा झाला, बिस्किटं झाली. दादाने दुकानदारी पद्धतीने सरळ किमतीलाच हात घातला.

“स्पष्ट विचारतो, राग मानू नका. महिन्याला हातात किती पडतात?”

“सगळं कापून अठ्ठावीस हजार.”

दादाची बशी ओठांपर्यंत जाता जाता थांबली. “कॅशियरला? अठ्ठावीस? अहो, ही आमची बहीण तुमच्याच बँकेत कॅशियर आहे. तिला ऐंशी मिळतात!”

मुलाने आत्याकडे पाहिलं. सगळ्या बँकेचा पगाराचा तक्ता एकच. इतकी वर्षं काउंटरवर काढलेल्या बाईला किती मिळतात, हे त्या मुलाला तोंडपाठ असणार. तो एक वाक्य बोलला असता तर त्याची मान सुटली असती आणि आत्याची अडकली असती.

त्याने नजर कपात वळवली. “त्यांचा अनुभव मोठा आहे,” तो म्हणाला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

तो चेहरा आत्याच्या ओळखीचा होता. नवीन पोरांना ती स्वतःच शिकवायची. समोरच्याच्या खात्यात खडखडाट असला, तरी मागच्या रांगेला त्याचा वास लागता कामा नये. आकडा तोंडाने बोलायचा नाही, कागदावर लिहायचा आणि हळूच त्याच्याकडे सरकवायचा. हा मुलगा आज तिलाच तसं सांभाळून घेत होता, आणि तेही स्वतःचं लग्न पणाला लावून. आत्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दादा तिला, वहिनीला आणि भाचीला आत घेऊन गेला. “एक तर हा काहीतरी लपवतोय, नाहीतर बिनकामाचा आहे,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “बँकेने ओळखलंय त्याला. मला नाही पटत.”

भाचीचे डोळे भरले. “आत्या, तू सांग ना बाबांना.”

आत्याने आधी सोपी वाट धरून पाहिली. “अरे, सुरुवातीला कमीच असतो. वाढतो पुढे.”

“काय सांगतेस? तू लागलीस तेव्हा तुला तीस होते, आणि त्याला किती वर्षं झाली!”

ती वाटही बंद झाली. आत्या तशीच बाहेरच्या खोलीत आली आणि मुलासमोरच्या खुर्चीत बसली. जो आकडा पाहुण्यांसमोर चढला, तो पाहुण्यासमोरच उतरवायला हवा होता. मागोमाग बाकीचेही आले.

“दादा, मला बेचाळीस मिळतात,” ती मोठ्याने म्हणाली. “लागले तेव्हा पंधरा होते. बाबांनी तीस सांगितले, मी गप्प बसले. हा मुलगा खरं बोलतोय.”

दादा आधी हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू विरलं. तो मुलाकडे वळला. “तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत? तुमच्याच फायद्याचं होतं की!”

“दुसऱ्याच्या खात्यातलं आम्ही बोलत नाही,” मुलगा म्हणाला.

दादाने थोडा वेळ गुडघे चोळले. मग म्हणाला, “माझ्यासारख्या वहीत लोकांची उधारी मांडणाऱ्याला असा तोंडाला कुलूप असलेला जावई बरा पडेल.” वहिनीने डोळ्यांना पदर लावला आणि भाची आतच पळाली. होकार तो एवढाच. पुढची बोलणी झाली, मुलगा पाया पडून गेला. आत्याही चपला घालायला उठली. आता या घरात आपली किंमत काय राहिली, हा हिशेब तिच्या डोक्यात चालू होता.

दादा फाटकापर्यंत आला. आजवर कधी आला नव्हता.

“पोरीची फी भरलीस, तेव्हा किती होते गं?”

“तेव्हा तीस झाले होते. बाबांचा आकडा तेव्हा कुठे खरा झाला,” ती हसून म्हणाली.

दादा हसला नाही. फाटकाची कडी हातात धरून तो तसाच उभा राहिला.

“आणि आम्ही म्हणायचो,” तो म्हणाला, “हिला स्वयंपाकाचा कंटाळा.”