कुंताबाईचा वीस हाती कागद

सुज्ञ वाचकहो! पुढील ओळींतून एका अशा स्त्रीची कथा निवेदन करण्यात येत आहे, जिने टिनाच्या एका शेडसाठी समस्त सोसायटीसमोर आपली मान खाली जाऊ दिली नाही. कथेत एक तलाव आहे, एक जाळे आहे आणि एक कागद आहे. कृपया शांत चित्ताने वाचावे.

चिमूर तालुक्यातील पिंपळहेटी या गावी मामा तलावाच्या (माजी मालगुजारी तलावाच्या) पाळीवर, म्हणजे बांधावर, मच्छीमार सोसायटीची ती शेड उभी आहे. पूर्वी तिच्यात सुताची जाळी ठेवीत. पुढे नायलॉनची जाळी आली, ती घरोघरी खुंटीवर मावू लागली आणि शेड ओस पडली. त्या ओसाड जागेत कुंता मनसाराम मांढरे हिने दोन वर्षांपूर्वी तीन बाया जमवून कागद बनविण्यास प्रारंभ केला. धानाचे तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, राखेच्या पाण्यात शिजवावे, उखळात कुटावे, जुन्या वह्या व लग्नपत्रिका भिजवून त्यात मिसळाव्या, भेंडीचे चिकट पाणी घालावे, आणि तो लगदा हौदातून चौकटीवर उचलून उन्हात वाळवावा, असा तो उद्योग. चंद्रपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकविणाऱ्या प्रिया मॅडम हे कागद नेत. मुले त्यांवर पाने, चिंध्या, तिकिटे, हाती येईल ते चिकटवून चित्रे करीत. या प्रकारास कोलाज म्हणतात.

त्या प्रिया मॅडमनी एके दिवशी विचारले, "कुंताबाई, एकच लांब गुंडाळी होईल का? बिनजोडाची? तुमच्याच गावात अंथरू. दोन्ही बाजूंनी लोक बसतील आणि ज्याला जे वाटेल ते चिकटवतील." कुंताने "पाहू" एवढेच उत्तर दिले. परंतु तिच्या मनाने तो कागद तेव्हाच अंथरला होता.

त्याच आठवड्यात शेडच्या दारावर नोटीस लागली. खाली अध्यक्ष गुणवंतराव यांची सही व जांभळा गोल शिक्का. मासोळ्यांच्या खाद्याची पोती ठेवायची असल्यामुळे रविवारपर्यंत शेड रिकामी करावी, असा तीतील मजकूर होता.

कुंता सोसायटीच्या भर सभेत उभी राहिली. तिचा पती मनसाराम मागे बसून तिचा पदर ओढीत होता. "बस नं वो. जाऊ दे."

"काऊन जाऊ दे? गुणवंतभाऊ, पोती समाजमंदिरातही राहतीन. आमचा हौद उचलून आमी कुठी नेऊ?"

गुणवंतराव हसले. अंगाने उंच, हात गुडघ्याला टेकतील असे लांब. "कुंताबाई, कागद बल्लारपुरच्या मिलमंदी बनते. तुमी बनवता ते भजे बांधाले बरं आहे. यवढे यवढे तुकडे!"

"मोठा बनवू."

"किती मोठा?"

"तुमी सांगा."

"वीस हात! बिनजोडाचा. रविवारी दाखवा, शेड तुमची. पोती मी माह्या घरी ठेवतो."

सभा खदखदली. कुंता मात्र हसली नाही. "सगळ्यायनं आयकलं नं?" असे म्हणून ती खाली बसली.

घरी सासू रुखमाबाई अंगणात पाय पसरून बसली होती. वय सत्तरीच्या पुढे, देह चिमणीएवढा. कुंताने सर्व वृत्तांत सांगितला. म्हातारी उठली, आढ्यावरून तिने स्वतः विणलेले झिंगे धरायचे जुने सुती जाळे काढले आणि पेटीतून आपले नऊवारी लुगडे काढून त्यावर टाकले. "झिंगा अटकते, त मंग कागद काऊन नाई अटकनार? घे."

शुक्रवारी सकाळी पाळीखालच्या कोरड्या पाटात लांबलचक ताडपत्री अंथरून तीत लगद्याचे पाणी भरले. जाळ्यावर लुगडे ताणून शिवले, दोन्ही कडांना बांबू बांधले आणि ते सर्व पाण्यात बुडविले. एका बाजूस कुंता व दिव्यानी, दुसऱ्या बाजूस दोघी. दिव्यानी ही चौघींत सर्वांत तरुण.

"उचला!" कुंता ओरडली.

आणि चौघींनी झटक्यात उचलले. पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या घरांतील ते हात! पाण्यातून जाळे हिसक्यानेच काढावे, नाहीतर मासा पळतो, हे त्या हातांस शिकवावे लागले नव्हते. परिणाम असा झाला की सर्व लगदा मध्यभागी गोळा होऊन लोळला आणि अर्धा चिखलात सांडला.

"चिखलच धरला आपन, काकी," दिव्यानी म्हणाली. कोणास हसू आवरेना. पण कुंता चिखलातील लगद्याकडे पाहत उभी राहिली. तिला पोती दिसत होती, आपल्या हौदाच्या जागी रचलेली.

"मासा पळते म्हनून आपन हिसका देतो," ती हळूच म्हणाली. "हे कुठी पळून राह्यलं? झोपलेल्या लेकराखालची वाकळ काढतो, तसं काढू."

परंतु लगदा आता कमी पडत होता. घरोघरच्या वह्या संपल्या होत्या. कुंताने इकडे तिकडे पाहिले, शेडकडे गेली, दारावरील नोटीस उपटली, तिचे तुकडे तुकडे केले आणि उखळात टाकले. दिव्यानीने तोंडावर हात ठेवला.

"काकी, शिक्का आहे त्याच्यावर!"

"मंग? कुटला की मऊ होते."

या खेपेस चौघींनी श्वास रोखून उचलले. पाणी थेंबाथेंबाने गळाले. लुगड्यावर पिवळसर, सपाट साय धरली. दोन दिवस पाळीवर ऊन खाऊन ती वाळली. रविवारी सकाळी कुंताने कडेपासून नखाने सोडवीत सोडवीत तो कागद बांबूवर गुंडाळला. त्याच्या अंगावर जाळ्याची प्रत्येक गाठ उमटली होती.

शेडसमोर गाव जमले. गुंडाळी उलगडली गेली. गुणवंतराव वाकले, जोड शोधला. तो सापडला नाही. मग त्यांनी आपल्या लांब हाताने कोपरापासून बोटापर्यंत मोजण्यास आरंभ केला. "...पंधरा, सोळा, सतरा." कागद संपला. त्यांनी हात झटकले. "तीन हात कमी. चाबी द्या, कुंताबाई."

मनसारामने मान खाली घातली. कुंताने चाबी कमरेलाच राहू दिली.

"भाऊ, आपल्या सोसायटीत जाळं कोनाच्या हातानं मोजतेत?"

जाळे ज्याने विणले त्याच्याच हाताने मोजावे, ही त्या गावाची जुनी रीत होती. अध्यक्ष या नात्याने गुणवंतराव स्वतःच दरवर्षी तसे मोजून घेत असत.

"हे जाळं नोहे, कागद आहे," ते म्हणाले.

"याच्यावरच्या गाठी पाहा. हे जाळ्यातून निंगालं, का बजारातून? तुमी हात म्हनले, कोनाचा ते नाई म्हनले. म्हनले असते त तुमच्याच हाताचा बनवला असता!"

मागून कोणीतरी वृद्ध मासेमार बोलला, "बराबर आहे. गाठी आहेत त मोज विननारनीचीच." आणि तेव्हा प्रथमच मनसाराम उठला, आईस हात धरून पुढे घेऊन आला. "मोज, माय."

रुखमाबाई कागदाशेजारी बसत बसत सरकली. तिचा सुकलेला, आखूड हात एकेक माप टाकीत गेला. सारे गाव तिच्याबरोबर मोजू लागले. सतरा झाले. अठरा. एकोणीस. वीस झाले, आणि तरीही चार बोटे कागद उरला.

"गुनवंता," म्हातारी म्हणाली, "पोती किती आहेत रे तुह्यी? घरात मावतीन नं?"

जो हशा उसळला तो तलावाच्या पलीकडच्या काठावर ऐकू गेला असावा. गुणवंतरावांनी शेडच्या दाराकडे पाहिले. "बरं, बरं. नोटीस तरी वापस द्या. रेकॉर्डले लागते."

कुंता कागदाच्या मध्यभागी वाकली आणि एका गाठीजवळ बोट टेकविले. तेथे नखाएवढा जांभळा डाग होता, शिक्क्याच्या गोलाचा एक तुकडा.

"इथी आहे, भाऊ. मी काई लपवलं नाई. यवढी काढून न्या. पन फाडाल त कागद भरून द्यावा लागन. बिनजोडाचा."

तोवर दिव्यानीने भाताच्या खळीचे भांडे आणले होते. कुंताने पाळीवरचे एक मोहाचे पान उचलले, खळ लावली, आणि त्या जांभळ्या डागास जागा सोडून, त्याच्या अगदी शेजारी ते चिकटविले. मग तिने भांडे अध्यक्षांपुढे धरले.

"या, बसा. तुमीही काई चिकटवा."

वाचकहो, ही कथा आपण शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल या अल्पशिक्षित लेखकाचे आपणांस अंतःकरणपूर्वक धन्यवाद. लिखाणात काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे.

आपला नम्र,
सुरेंद्र डोमाजी भानारकर